बेटावर ट्रक जात नाही

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकही गोष्ट तालमीशिवाय केलेली नाही. लेकीची शाळा सुरू व्हायची होती, त्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी तिला गणवेश घातला, डबा भरला, दप्तर पाठीला अडकवलं आणि शाळेच्या फाटकापर्यंत चालवत नेऊन परत आणलं. सुट्टीचा दिवस. फाटकाला कुलूप. पोर रडून रडून लाल झाली. दुसऱ्या दिवशी मात्र ती अशा थाटात आत गेली की जणू मुख्याध्यापिका तीच. ‘‘बघितलंस?’’ हे मला म्हणाले. ‘‘तालमीत रडून घेतलं की प्रयोगाला रडू येत नाही.’’ आता अशा माणसाशी वाद कुठून घालायचा!

हे नाट्यगृहात काम करतात. नट नाहीत, छे, चार माणसांसमोर उभं केलं तर ह्यांना घाम फुटेल. हे पडद्यामागचे. दिवाणखान्याचं दार कुठे उभं करायचं, टेबलावरचा कप कुठल्या बाजूला कान करून ठेवायचा, नायिका रागावून निघून गेली की पलीकडे तिच्या हातात पाण्याचा पेला कुणी द्यायचा, हे सगळं ह्यांच्याकडे. लहानथोर सगळे ह्यांना ‘मामा’ म्हणतात. नाटक दौऱ्यावर निघालं की मंडळींची तिकिटंसुद्धा मामाच काढतात. आणि मंडळी गाडीत बसायच्या एक दिवस आधी हे स्वतः दारंखिडक्या, पलंग, पडदे भरलेल्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून पुढे जातात. मंडळी आरामात झोपून पोचतात तेव्हा नाटकातलं घर उभं असतं आणि आमचे हे त्या घराच्या मागे हातोडी शोधत असतात.

मी पोहायला शिकवते. छपराखालचा तलाव, आवाज घुमतो, आणि पोरांच्या कानात पाणी. त्यामुळे माझा आवाज शिट्टीपेक्षा मोठा झालाय. घरीसुद्धा मी मीठ मागितलं तर शेजारी आणून देतात. माझं काम भल्या पहाटे सुरू होतं, ह्यांचं संध्याकाळी. मी दमून घरी येते तेव्हा हे डबा घेऊन निघालेले असतात. इतकी वर्षं आमचा संसार बहुतेक दाराच्या चौकटीतच झाला. ‘‘आलीस?’’ ‘‘निघालात?’’ एवढाच संवाद, आणि तोही पाठ झालेला.

म्हणून मला बेट हवं होतं. लोकांना वाटतं, हिला पोहायला येतं म्हणून हिला समुद्र हवा असेल. तेही होतंच म्हणा. पण खरं कारण असं की ज्या गावात जावं तिथे ह्यांना नाट्यगृह सापडतं. एकदा डोंगरावर गेलो होतो, तिथेसुद्धा शाळेच्या सभागृहाचा पडदा अडकलाय असं कुणीतरी बोललं आणि मी आख्खी संध्याकाळ धुकं एकटीनं बघितलं. तेव्हाच कानाला खडा लावला. पुढच्या वेळी जायचं ते चहूबाजूंनी पाणी असलेल्या जागी, लांब, आणि तिथे रंगमंच नावाची वस्तू औषधालाही असता कामा नये.

लेकीनं शोधून काढलं. ती औषधांच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, कुठलीही गोष्ट खात्री केल्याशिवाय बोलत नाही. ‘‘आई, परदेशात एक बेट आहे,’’ ती म्हणाली. ‘‘झाडं, वाळू, पाणी, आणि राहायला लाकडी खोल्या. सभागृह नाही. शाळा नाही. साधा मंडपसुद्धा नाही.’’ मी तिची पापी घेतली.

मग काय, घरात रोज बेट! जेवताना बेट, कपडे वाळत घालताना बेट. सासूबाईंनी जाहीर केलं की त्यांना तळाला काच असलेल्या नावेत बसून रंगीत मासे बघायचेत. सासूबाई पोस्टातून निवृत्त झाल्यात. आयुष्यभर लांबलांबच्या गावांचे शिक्के बघितले, गावं नाही बघितली. लेकीला नुसतं झोपायचं होतं, झाडाला बांधलेल्या झोळीत, कुणीही हाक न मारता. मला खाऱ्या पाण्यात उताणं पडून आभाळ बघायचं होतं. तीन बायका, तीन स्वप्नं, आणि तिघींचीही तोंडं एकाच वेळी चालू.

‘‘आणि तुम्हाला हो?’’ मी ह्यांना विचारलं.

हे दाराच्या बिजागरीत तेल सोडत होते. ‘‘मला काय?’’

‘‘तुम्हाला काय हवंय बेटावर?’’

‘‘तुमचं सगळं नीट झालं की माझं झालं,’’ हे म्हणाले आणि दार पुढेमागे करून बघायला लागले. दार कुरकुरत नव्हतं. मनातून मीच जरा कुरकुरले, पण बोलले नाही. मी बोलले नाही म्हणजे तो दिवस लक्षात ठेवण्यासारखा.

तिकिटं ह्यांनीच काढली. लेक म्हणत होती, ‘‘बाबा, मी घरबसल्या काढते,’’ पण छे! दौऱ्यांची तिकिटं ज्या बाईंकडून काढायची सवय, त्यांच्याकडेच जाणार. त्या तिकीटवाल्या बाई आणि हे, दोघांची इतक्या वर्षांची गट्टी. एकानं ‘नेहमीसारखं’ म्हणायचं आणि दुसऱ्यानं ‘झालं’ म्हणायचं. हे हसतहसत परत आले, पाकीट कपाटात ठेवलं आणि म्हणाले, ‘‘तिकिटं तालमीच्या दिवशी वाटली जातील. तोवर कुणी हात लावायचा नाही.’’

‘‘तालीम?’’ मी ओरडले. समोरच्या इमारतीतलं एक कबुतर उडालं.

‘‘रंगीत तालीम. सामानासकट.’’

नाट्यगृह बंद असतं त्या दिवशी तालीम ठरली. मी कामावरून आले तर आमची बाहेरची खोली ओळखू येईना. सोफा भिंतीला उभा केलेला. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी आखलेल्या रेघा. दारापाशी पिवळी रेघ म्हणजे विमानतळ, इस्त्रीचं टेबल म्हणजे पासपोर्ट तपासणी, निळ्या रेघांमधला लांबट चौकोन म्हणजे विमान, आणि गॅलरी म्हणजे बेट. गॅलरीत ह्यांनी घरातल्या सगळ्या कुंड्या नेऊन ठेवल्या होत्या आणि एक बादली पाणी. ‘‘बादली कशाला?’’ मी विचारलं. ‘‘समुद्र,’’ हे म्हणाले, इतक्या गंभीरपणे की मला हसायचं धाडस झालं नाही.

‘‘पाय बुडवून बघायचा का?’’ लेकीनं विचारलं.

‘‘प्रवेश येईल तेव्हा,’’ हे म्हणाले.

सासूबाईंची दुहेरी भूमिका होती. प्रवासी त्याच आणि पासपोर्ट तपासणारा अधिकारीही त्याच. जन्मभर शिक्के मारलेला हात, तो कशाला मागे राहतो! त्यांनी नाकावर चष्मा खाली ओढला, आवाज घोगरा केला आणि इस्त्रीच्या टेबलामागे अशा बसल्या की मला खरोखर धाकधूक वाटली.

‘‘कशासाठी चाललात?’’

‘‘फिरायला,’’ मी म्हणाले.

‘‘सून आहात का कुणाची?’’

‘‘आहे की.’’

‘‘सासू कशी आहे?’’

‘‘आई, असं विचारत नाहीत हो तिथे!’’

‘‘मी विचारते. नीट उत्तर द्या, नाहीतर इथेच राहा.’’

‘‘सोन्यासारखी आहे,’’ मी म्हणाले. त्यांनी माझ्या पासपोर्टावर चहाच्या डब्याचं झाकण दाणकन आपटलं आणि मला सोडलं. लेकीला त्यांनी विचारलं की लग्नाचा काय विचार आहे. लेक म्हणाली की अधिकाऱ्याची तक्रार करणार. हे मधे उभे, हातात घड्याळ. ‘‘वेळ जातोय, वेळ जातोय! पुढची मंडळी!’’ इतका आनंदी चेहरा मी ह्यांचा बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. माझा राग वितळत चालला होता. म्हटलं, चला, माणूस नाचतोय तर नाचू दे.

मग विमान. निळ्या चौकोनात शेजारी शेजारी तीन खुर्च्या. खिडकीपाशी सासूबाई, कारण खिडकी कुणाची याचा निकाल आमच्याकडे वयानुसार लागतो. मधे लेक. कडेला मी. हे पाकिटातून तिकिटं काढून एकेकीच्या हातात देत गेले, वाकून, अगदी अदबीनं. मग चौकोनाबाहेर जाऊन उभे राहिले, एक डोळा मिटून आमच्याकडे बघितलं, आणि माझी खुर्ची इंचभर सरकवली.

‘‘छान,’’ हे म्हणाले. ‘‘आता विमान सुटलं.’’

‘‘थांबा,’’ मी म्हणाले. ‘‘तुम्ही कुठे बसलात?’’

‘‘कोण?’’

‘‘तुम्ही.’’

हे आमच्या खुर्च्यांकडे बघायला लागले. मग हातातल्या पाकिटाकडे. पाकीट रिकामं होतं. त्यांनी ते उलटं करून झटकलं, आत बोट घालून बघितलं. तोंडाचा रंग हळूहळू उतरत गेला.

‘‘मी...’’ हे म्हणाले. ‘‘मी गाडीबरोबर.’’

‘‘कुठल्या गाडीबरोबर?’’

‘‘सामानाच्या.’’

लेकीला हसू फुटलं. हसता हसता ती खुर्चीवरून विमानाबाहेर पडली. ‘‘बाबा! बेटावर ट्रक जात नाही हो!’’ सासूबाई पदरानं, चष्म्यानं, मिळेल त्यानं डोळे पुसत होत्या. दौऱ्याची मंडळी मोजायची, तिकिटं काढायची आणि स्वतः ट्रकमध्ये बसायचं, इतकी वर्षं हेच केलेलं. बेट ठरलं तेव्हाही ह्यांनी मंडळी मोजली. आई, बायको, लेक. तिकीटवाल्या बाईंनीसुद्धा विचारलं नाही, कारण मामांचं तिकीट कधी काढलेलंच नव्हतं. दोघं ‘नेहमीसारखं’ म्हणाले आणि झालं!

मला हसू आलं नाही. मी तिकीट खुर्चीवर ठेवलं आणि बेटावर जाऊन उभी राहिले, म्हणजे गॅलरीत, कुंड्यांमध्ये. मला रडू येत होतं आणि रडणं मला जमत नाही. पाण्यात शिट्टी वाजवल्यासारखा आवाज येतो. हे हळूच मागे आले. बादली मधे होती, म्हणून पलीकडेच थांबले.

‘‘अगं, विसरलो,’’ हे म्हणाले.

‘‘विसरलात की यायचंच नव्हतं?’’

‘‘असं काय बोलतेस?’’

‘‘मग कसं बोलू? तुम्हाला काय हवंय विचारलं तर बिजागरीशी बोलत होता. आपल्या लग्नाच्या फोटोत मी एकटी उभी आहे, आहे की नाही? नवरा खुर्च्या लावायला गेलेला! लोक फोटो बघून विचारतात, हिचं लग्न कुणाशी झालंय? आजवर कधी बोलले नाही. आता बोलते. मला मासे नकोत, वाळू नको. पाणी तर मी रोज बघते, नाकातोंडातून येतं ते. मला तुम्हाला मोकळं बसलेलं बघायचं होतं. नुसतं. हातात काही नाही, कुठे जायचं नाही, शेजारच्या खुर्चीत, माझ्या. एवढ्यासाठी मी बेट शोधायला लावलं. आणि तुम्ही बेट उभं केलंत आणि स्वतःच बाहेर राहिलात.’’

माझा आवाज अर्थातच खालच्या मजल्यापर्यंत गेला. कुणीतरी खिडकी लावून घेतली. कुणीतरी उघडली.

ह्यांनी बादली उचलून बाजूला ठेवली, अगदी हलक्या हातानं, थेंबही न सांडता.

‘‘मला यायचंय गं,’’ हे म्हणाले. ‘‘आईशप्पथ यायचंय. मला फक्त स्वतःला मोजायची सवय नाही.’’

खोटं बोलायची कला ह्यांना अवगत नाही. त्यामुळे मला त्याच क्षणी पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच रडू आलं. सासूबाई आतून ओरडल्या, ‘‘अरे, तिचं रडणं थांबव आधी! विमानातली माणसं घाबरलीत!’’

लगेच तिकीटवाल्या बाईंना फोन लावला. फोनचा आवाज मोठा केला, सगळे कान लावून बसलो. चूक ऐकल्यावर बाईंनी कपाळाला हात मारल्याचा आवाज आला. ‘‘मामा, माझं पण लक्ष गेलं नाही हो! थांबा, बघते.’’ खटखट, खटखट. ‘‘विमान भरलंय.’’ पुन्हा खटखट. ‘‘आदल्या दिवशीच्या विमानात आहेत जागा. बऱ्याच आहेत.’’

ह्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. ‘‘आदल्या दिवशी? मग प्रश्नच मिटला! मी पुढे जातो. तुम्ही पोचेपर्यंत सगळं लावून ठेवतो. खोली बघतो, झोळी बांधून घेतो, नावेचं ठरवतो...’’

मी नुसतं बघितलं. माझं नुसतं बघणं काय असतं ते तलावावर धावणाऱ्या पोरांना विचारा.

‘‘काय झालं?’’ ह्यांनी विचारलं. आत्ता, गॅलरीत, याच माणसाशी मी बोलले होते ना? पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

तेव्हा सासूबाई उठल्या. चष्मा पुन्हा नाकावर खाली ओढला. अधिकारी अजून अंगात होता.

‘‘तो फोन इकडे आण,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हॅलो. हे बघा, माझं आणि माझ्या नातीचं तिकीट आदल्या दिवशीचं करा. आमच्या ज्या जागा रिकाम्या होतील, त्यातली एक ह्याला द्या. माझ्या मुलाला. हो, मामांना. मामा म्हणून नका लिहू, प्रवासी म्हणून लिहा.’’

‘‘आई!’’ हे उडालेच. ‘‘तू? आधी? तुला झेपेल का? तिथे उतरल्यावर खोली बघायची, सामान...’’

‘‘तू एवढासा होतास तेव्हा माझी बदली झाली होती,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘तुझे वडील नोकरीच्या गावी. तुला कडेवर घेऊन, पलंग, भांडी, शिवणाचं यंत्र, सगळं मी एकटीनं हलवलं. दुसऱ्या दिवशी झोपेतून उठून तू विचारलंस, ‘आपलं घर इथे आधीपासून होतं का?’ म्हणजे सामान लावायचं कसं हे तू माझ्याकडून शिकलास. मला शिकवू नकोस.’’

‘‘पण...’’

‘‘पण नाही नि बिण नाही. प्रयोग आमचा. तुम्ही दोघं प्रेक्षक. प्रेक्षकानं वेळेवर यायचं आणि गप्प बसायचं.’’

लेकीनं टाळ्या वाजवल्या. बाईंनी फोनवरूनच ‘झालं’ म्हटलं. मी सासूबाईंच्या गळ्यात पडले. ‘‘हळू, हळू,’’ त्या म्हणाल्या, ‘‘सोन्यासारखी सासू आहे, चेपशील.’’

त्यानंतरचे दिवस म्हणजे आमच्या घरातला सर्वांत मजेचा काळ. आजी आणि नात आतल्या खोलीत दार लावून बसायच्या. आतून कुजबुज, हसू, मधेच जमिनीवर चिकटपट्टी फाडल्याचा आवाज. हे बाहेर येरझाऱ्या घालायचे. ‘‘मी फक्त एवढंच सांगतो,’’ दाराला तोंड लावून म्हणायचे, ‘‘समुद्राचा वारा असतो, हलकी वस्तू उघड्यावर ठेवू नका.’’ आतून उत्तर यायचं, ‘‘प्रेक्षकांना आत यायला बंदी आहे.’’ एकदा किल्लीच्या भोकातून बघताना मी ह्यांना पकडलं. ‘‘काय दिसलं?’’ मी विचारलं. ‘‘आईचा डोळा,’’ हे म्हणाले. पलीकडून त्या बघत होत्या.

सवय मोडणं सोपं नसतं म्हणा. हे झोपेत उठून बसायचे आणि विचारायचे, ‘‘कोण बघतंय सगळं?’’ मी म्हणायचे, ‘‘आई.’’ मग आडवे व्हायचे. एकदा संध्याकाळी कामावर निघताना चौकटीत थबकले. मी आत येत होते. ‘‘आलीस?’’ म्हणाले. मी म्हणाले, ‘‘निघालात?’’ तर हे तिथेच उभे. ‘‘मी विचार करत होतो,’’ हे म्हणाले, ‘‘मला काय हवंय याचा. मला तुला पोहताना बघायचंय. कधी बघितलंच नाहीये. तू पाण्यात असतेस तेव्हा मी झोपलेला असतो.’’ एवढं बोलून डबा न घेताच गेले. मी डबा घेऊन रस्ताभर मागे पळाले. हाक मारायचं सुचलंच नाही, मला, जिचा आवाज नदीपल्याड जातो.

आजी-नातीची निघायची वेळ आली. खाली टॅक्सी उभी. सासूबाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता, पायात नवे बूट, आणि हातात माझी शिट्टी, माझ्याकडून मागून घेतलेली. आणि मग एकेक करून आमच्यासुद्धा बॅगा टॅक्सीत जायला लागल्या.

‘‘अगं आई, त्या आमच्या आहेत,’’ हे म्हणाले.

‘‘सामान सामानाच्या गाडीबरोबर जातं,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘हे तुला मी सांगायला हवं?’’

ह्यांनी शेवटच्या बॅगेचा पट्टा धरून ठेवला होता. सासूबाईंनी त्यांच्या बोटांवर टिचकी मारली, लहान मुलाला मारतात तशी. पट्टा सुटला. टॅक्सी निघाली. सासूबाईंनी खिडकीतून शिट्टी फुंकली आणि रस्त्यावरची सगळी माणसं थबकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. पासपोर्ट, तिकिटं आणि पैसे माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. ह्यांच्याकडे काहीच नाही. विमानतळावर ह्यांचे हात सारखे काहीतरी शोधत होते. एका अनोळखी बाईची बॅग उचलून दिली. एका ढकलगाडीचं चाक वाकून बघितलं. रांगेत उभी असलेली माणसं मोजली आणि मला सांगितलं की एक कमी आहे. ‘‘कोण कमी आहे?’’ मी विचारलं. ह्यांनी पुन्हा मोजली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून हसले.

पासपोर्ट तपासणाऱ्या खऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं, ‘‘कशासाठी चाललात?’’

मी तोंड उघडलं होतं. पण हेच पुढे झाले. घाम फुटला होता, तरी बोलले, ‘‘बायकोबरोबर.’’ अधिकाऱ्यानं मान वर करून बघितलं आणि शिक्का मारला. सासूबाईंनी मारला होता तेवढा जोरात नाही.

विमानात मी ह्यांना खिडकीपाशी बसवलं. पट्टा लावून दिला. तरी हे उठले, पुढच्या खुर्चीचं हलणारं टेबल दाबून बघितलं, वरच्या कप्प्याचं झाकण तपासलं. हवाई सुंदरी आली आणि गोड आवाजात म्हणाली, ‘‘सर, तुम्ही फक्त बसा. बाकीचं आमच्याकडे.’’ ह्यांनी तिच्याकडे बघितलं, म्हणजे एका कामाच्या माणसानं दुसऱ्याकडे बघावं तसं, आणि निमूट बसले.

विमान धावायला लागलं. घरं मागे पडायला लागली, मग खाली जायला लागली. त्यातलं एखादं नाट्यगृह असेल, पण इतक्या वरून ओळखू येत नव्हतं. ह्यांनी कपाळ खिडकीला टेकवलं होतं.

‘‘आता मी काय करायचं?’’ हे हळूच म्हणाले.

‘‘काही नाही,’’ मीही हळूच म्हणाले. मला हळू बोलता येतं हे मलाच नवीन होतं.

‘‘काहीच नाही?’’

‘‘काहीच नाही.’’

ह्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि पाठ मागे टेकली. दोन्ही हात मांडीवर उताणे, रिकामे पडले होते. मी त्यातला एक घेतला.